कुंदाच्या नावाच्या डहाळ्या

चंद्रपूरकडं सावली नावाचं बाजाराचं गाव आहे, त्याच्या पल्याड धानाच्या बांध्या सरतेत अन् जंगल लागते, तिथी एक गाव होतं. गावात एक बुढी राहे. तिचा लेक महादेव राहे, सून कुंदा राहे, अन् दावणीले बकऱ्या राहेत. कुंदा हाताची चपळ, महादेव तोंडाचा गरीब, अन् बुढी तोंडाची श्रीमंत. ती बुढी म्हणजे मीच!

आमच्या जंगलात एक रीत आहे. ज्या जागेवरून वाघानं माणूस नेलं, तिथून जाणारा-येणारा एक हिरवी डहाळी तोडून टाकते, हात जोडते अन् पुढं जाते. कोणी सांगत नाई, कोणी मोजत नाई. पाहता पाहता ढीग लागते. किस्स्याईचंई तसंच असते. आमच्या कोर्टाच्या केसचा एक किस्सा मी टाकला, एक महादेवनं टाकला, एक गावानं टाकला. आता एवढा ढीग झाला का लग्नात, तेरवीत, नळावर, कुठीई बसली का बायका म्हणतेत, "आजी, ते वकीलबाईचं सांग नं!"

वकीलबाईचं मंग सांगतो. आधी डहाळ्याईचं सांगतो.

*

बाजाराचा दिवस होता. कुंदा सायकलवर सावलीले निघाली. वळणावर मोहाचं मोठं झाड आहे, तिथी समोरून दगड भरलेला ट्रक आला. कुंदाले उडवलं अन् थांबलाच नाई! आमच्या गावचा नामदेव शिंपी तिथी बांधावर बसला होता. त्यानं आरडाओरड केली, ऑटोत टाकलं, सावलीच्या दवाखान्यात नेलं. तिथून चंद्रपूर. उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

मी अन् महादेव चंद्रपूरले. इकडे गावात बातमी चालत चालत मोठी झाली. ऑटोवाला म्हणे, "वाचत नाई वाटते." चौकातला म्हणे, "वाचणार नाई." पिठाच्या गिरणीपर्यंत पोहोचली तं कुंदा मेलेलीच होती! गावानं विचार केला, वाघ काय अन् ट्रक काय, नेलं तं नेलं. ज्यानं-त्यानं मोहाखाली डहाळी टाकली. मंग रीतच पडली.

कुंदाले सुट्टी मिळाली. आम्ही जीपमध्ये तिले घेऊन येऊन राह्यलो होतो. दवाखान्यात ती बोलणंच विसरली होती. विचारलं तं "हाव" अन् नाई विचारलं तं तेई नाई. वळणावर तिनं तो ढीग पाह्यला.

"माय, इथी कोणाले वाघानं नेलं वो?"

जीपवाला समोर पाहून राह्यला. महादेव बाहेर पाहून राह्यला. माह्या तोंडात काई टिकत नाई.

"तुलेच!"

"मले?" कुंदा ओरडली. "थांबवा गाडी!"

जीपमध्ये बसूनच तिनं गावातल्या एकेकाचं नाव घेऊन असं झापलं, असं झापलं का मोहावरचे कावळे उडाले! "मी जिती हावो अन् माह्या नावानं काड्या टाकून राह्यले! लाजा नाई वाटत का?"

मी पदर तोंडाले लावला. जीपवाल्याले वाटलं मी रडून राह्यली. नाई! पाय गेला होता, पण कुंदा वापस आली होती.

घरी आल्यावर मात्र ती हळूच म्हणे, "माय, मी आता उभी कशी राहीन?"

मी म्हटलं, "नागपूरले पाय बसवून देतेत. लय महाग राह्यते म्हणतेत. पण ज्याच्या गाडीनं नेला, त्याच्याचकडून आणू. अन् सगळ्याईसमोर कबूल करून आणू. सोडाचं नाई!"

*

नामदेवनं ट्रकचा नंबर पाह्यला होता, तो पोलिसाईले सांगतला. मंग एक दिवस ट्रकमालकाचा माणूस घरी आला. इस्त्रीचे कपडे, हातात पिशवी. पिशवीत साडी, केळं, नारळ अन् एक शिक्क्याचा कागद.

म्हणे, "आजी, गाडी आमची नव्हतीच. आमची गाडी त्या दिवशी अहेरीले बिघडून उभी होती. पण मालकाची माणुसकी पाहा! हे ठेवा, थोडी मदत ठेवा, अन् ह्या कागदावर सूनबाईचा अंगठा द्या. केस मिटली!"

मी पिशवी ओढली. साडी बाहेर काढली, केळं काढले, नारळ काढला, पिशवी उलटी करून झटकली.

"काय पाहून राह्यल्या आजी?"

"पाय पाहून राह्यलो. पाय नाई आणला?"

तो हसला, पण बरोबर हसता आलं नाई त्याले. मी म्हटलं, "भाऊ, या तालुक्यात लय लोकाईचे हातपाय मोडले. गाडी तुमची नव्हती, तं तुमची माणुसकी नेमकी आमच्याच घरचा पत्ता विचारत काऊन आली?"

त्यानं आवाज चढवला. कोर्टात चपला झिजतेत, लेकराईचे म्हातारे होतेत, असं काई काई म्हणे. मीई आवाज चढवला. माह्यासमोर त्याचा किती चढन! ह्या गडबडीत कागद खाली पडला, अन् आमची काळी बकरी दावं तोडून आली. शिक्क्यासकट खाल्ला!

तो माणूस डोक्याले हात लावून म्हणे, "अवो, समझोता खाल्ला तिनं!"

मी म्हटलं, "म्हणूनच तं आम्ही नाई खाल्ला. पाहा, तिले ठसका लागला."

*

आता वकीलबाई. भरपाईची केस आम्ही तिच्याकडं दिली. नाव नसरीन. वरोऱ्याची. तिचे अब्बा रजया भरत अन् ही काळा कोट घालून चंद्रपूरच्या कोर्टात उभी राहे. गावातले शहाणे म्हणत, "बाईमाणूस आहे, कोर्टात आवाज निघन का?" मी म्हटलं, "आवाजासाठी मी जातो नं संग!"

जाची म्हणजे काय, हर तारखेले जाची. पहाटेची एसटी, मांडीवर भाकरीचं गठुडं, अन् वकीलबाईसाठी डब्यात वास्त्याची भाजी. कोवळ्या बांबूची भाजी तिले लय आवडे. कुंदा कुबड्यावर पायऱ्या चढे, घामानं भिजून जाये, अन् वर गेली का कळे, ट्रकच्या विमा कंपनीचे वकीलसाहेब आजारी. तारीख! पुढच्या वेळी पोटात दुखते. तारीख! त्याच्या पुढच्या वेळी ताप. विमा कंपनीचा वकील चांगला गोरागोमटा माणूस, पण तब्येत अशी का आमची तारीख आली का बिघडे.

कुंदा वापस येताना एसटीत म्हणे, "माय, हे आपल्याले थकवून राह्यले."

"थकते कोण पाहू!" मी म्हटलं.

पुढच्या तारखेले मी भुईनिंबाचा काढा बाटलीत भरून नेला. असा कडू का मेलेला माणूस उठून थुंकन! आमचा पुकारा झाला. वकीलसाहेब रुमाल नाकाले लावून उभे राह्यले. "सर, तब्येत जरा..."

मी सरळ समोर गेली अन् बाटली त्याईच्या टेबलावर ठेवली. "घ्या साहेब. तुमची तब्येत आमच्याच तारखेले बिघडते, मंग दवाई आम्हीच आणाले पाहिजे नं! एक घोट इथी घ्या, एक घरी."

वकीलबाई दातावर दात ठेवून म्हणे, "आजी, खामोश! मागं या!"

जजसाहेबानं बाटलीकडं पाह्यलं, वकिलाकडं पाह्यलं अन् शांत आवाजात म्हणे, "वकीलसाहेब, काढा घेता का साक्ष घेता?"

त्यानं साक्ष घेतली!

*

पण ते गोरे वकील काई कमी नव्हते. एक दिवस उठले अन् म्हणे, "सर, धक्कादायक बाब आहे. मूळ कुंदाबाई अपघातातच मेलेली आहे. ही समोर बसलेली बाई नकली आहे!"

झालं असं होतं. कंपनीनं गुपचूप एक चष्मेवाला माणूस आमच्या गावाकडं चौकशीले पाठवला. त्यानं वळणावरचा डहाळ्याईचा ढीग पाह्यला अन् तिथी ढोरं राखणाऱ्या बुढ्याले विचारलं, "हे काय आहे?" तो बुढा अपघातानंतर लगेच अहेरीले लेकीकडं गेला होता, कालच वापस आलेला. त्याच्याजवळ पह्यलीच बातमी होती. तो म्हणे, "महादेवच्या कुंदाच्या नावानं आहे साहेब. ट्रकनं नेली बिचारीले. लय चांगली होती." चष्मेवाल्यानं ढिगाचा फोटो काढला अन् खुशीत गेला.

तो फोटो आता जजसाहेबासमोर! वकीलबाई उठली, पण कुंदा तिच्या आधी कुबडी टेकून उभी झाली.

"साहेब, मी नकली तं नकली. पण नकलीच बाई आणाची होती, तं माह्या सासूनं दोन पायाची आणली नसती का?"

सगळं कोर्ट हसलं. जजसाहेब हसले नाईत. त्याईनं महादेवले समोर बोलावलं. "ही तुमचीच पत्नी आहे हे कशावरून सांगता?"

महादेवनं तोंड उघडलं. आवाज काई येईना. पुन्हा उघडलं. मागून कुंदा कडाडली, "अवो, सांगा नं! घरी नाई बोलत तं नाई, इथी तरी बोला! काऊन मातीच्या गणपतीवानी उभे राह्यले?"

जजसाहेबानं हात वर केला. "ठीक आहे. ओळख पटली."

*

मंग कुंदाचीच साक्ष होती. आमच्याकडच्या बायकाईले एक खोड आहे. कोणी विचारलं, "काय करता बाई?" तं म्हणाचं, "काई नाई जी, घरीच असतो." पोट्टीले पाहाले पाहुणे आले तरी हेच, अन् जनगणनावाला आला तरी हेच. मी काम करतो म्हणणं म्हणजे मोठेपणा सांगणं.

वकीलबाईनं लाख समजावलं होतं. पण पिंजऱ्यात उभी झाली का जिभेले जुनीच वाट सापडते.

कंपनीच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, "ताई, अपघाताच्या आधी तुम्ही काय काम करत होत्या?"

कुंदा पदर सावरून म्हणे, "काई नाई जी. घरीच असतो."

वकीलबाईनं कपाळाले हात लावला. तो वकील तं असा खुलला! "सर, ऐकलंत. बाई काहीच काम करत नव्हत्या. म्हणजे पाय गेल्यानं त्यांचं काहीच नुकसान नाही." अन् बसला.

मी उठणार, एवढ्यात जजसाहेबानंच पेन खाली ठेवलं. "बाई, घरी धान आहे?"

"हाव जी."

"रोवणी कोण करतं?"

"मीच करतो. लोकाईच्या बांधीतई जातो."

"तेंदूपत्ता?"

"तोई मीच."

"मोह वेचायला?"

"मीच नं साहेब. पहाटे जा लागते, नाई तं अस्वल येते."

"बकऱ्या? पाणी? सरपण?"

"मीच, मीच, मीच." कुंदाले आता राग आला. तिले वाटलं, साहेब उगाच चौकशी करून राह्यले. "अन् बाजारातई मीच जातो. त्या दिवशी तेच तं जाऊन राह्यली होती! मी नाई करन तं का तुम्ही कराल?"

जजसाहेब म्हणे, "नाही बाई. मला जमणार नाही." अन् लिहून घेतलं.

*

केस चालू होती तेव्हाची गोष्ट. मी बकऱ्या घेऊन त्या वळणाकडं जात होती. कुंदा जिती असल्याचं गावाले कळलं, पण रस्त्याले कोण सांगणार? ट्रकवाले, जीपवाले येता-जाता डहाळी टाकतच राह्यले. बहुतेक जण खिडकीतूनच फेकत. पण एक ट्रक थांबे. ड्रायव्हर खाली उतरे, चपला काढे, पळसाची हिरवी डहाळी तोडे, ढिगावर ठेवे अन् डोळे मिटून उभा राहे. सिरोंच्याकडचा तेलुगू माणूस होता. नाव त्यानं पोचम सांगतलं.

एक दिवस त्यानं पाणी मांगलं. मी तांब्या दिला. तो म्हणे, "अम्मा, ही बाई तुमच्या गावची होती का?"

"होती कशाची? आहे! माही सून होय. पाय गेला, पण जिती आहे."

तो माणूस मटकन खाली बसला. तिथीच, धुळीत. मले वाटलं ऊन लागलं. मी उरलेलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. मंग तो उठला, माह्या पाया पडला अन् गेला. त्याच्यानंतरई थांबे तसाच, डहाळी ठेवे तशीच.

मी घरी येऊन सांगतलं, "माणूस असावा तं असा! एक तो पळपुटा, अन् एक हा. ना ओळख, ना पाळख!"

कुंदा म्हणे, "एवढा चांगला आहे तं त्याचीच साक्ष लावा!"

आम्ही खूप हसलो.

*

खरी साक्ष होती ती नामदेव शिंप्याची. नंबर त्यानंच पाह्यला होता. आता नामदेव दिवसा शिंपी, पण दिवाळी झाली का आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक! दरवर्षी. अन् त्या नाटकाचा प्रॉम्प्टर कोण? आमचा महादेव. जो माणूस स्वतःचं बोलत नाई, तो पडद्याआडून दुसऱ्याले बोलवते!

वकीलबाईनं नामदेवले बजावलं, "जे पाह्यलं तेवढंच सांगा. साधं सांगा."

साधं! पिंजऱ्यात गेला अन् पह्यलं काम म्हणजे जजसाहेबाकडं पाठ करून लोकाईकडं तोंड केलं. जजसाहेब म्हणे, "इकडे पाहा." नामदेव म्हणे, "माफ करा साहेब, प्रेक्षकाईकडं पाठ करणं आमच्यात पाप आहे." तरी वळला. अन् मंग असा आवाज काढला का बाहेरचे पक्षकार आत आले!

"दुपारची वेळ! रस्ता सुनसान! अन् तेवढ्यात धरणी हादरली! काळासारखा तो ट्रक..."

"नंबर सांगा," वकीलबाई म्हणे.

नामदेव थांबला. हात वर तसाच. नजर हळूहळू डाव्या बाजूले गेली. गावात पेटीवाल्याच्या बाजूले, डावीकडंच प्रॉम्प्टर बसते! अन् योगायोग म्हणा का काई म्हणा, कोर्टातई महादेव डावीकडंच बसला होता. इतक्या वर्षाची सवय. तो मान खाली घालून खणखणीत आवाजात बोलला, "नंबर! नंबरचं वाक्य!"

जजसाहेबानं महादेवले बाहेर काढलं. महादेव गेला अन् नामदेवनं घाम पुसून पूर्ण नंबर सांगतला. एकई आकडा चुकला नाई.

कंपनीचा वकील उसळला. "सर, साक्षीदारानं पाठ केलं आहे! पढवलेला साक्षीदार आहे!"

नामदेवले हे लागलं. खलनायकाचा आवाज उतरला, शिंप्याचा आला. "साहेब, मी इतके वर्ष नाटकात आहो. आजपर्यंत एक डायलॉग माह्यानं पाठ झाला नाई. माह्यामुळं महादेवचा घसा बसते. पाठ केलं असतं तं आता अटकलो काऊन असतो?"

मागच्या बाकावर आमचं अर्धं गाव बसलं होतं. सगळे एका सुरात म्हणे, "हे मात्र खरं आहे साहेब!"

*

तरी मालकाचं तेच. गाडी अहेरीले होती, नंबर चुकीचा पाह्यला. अन् त्यानं सांगतलं, माहा ड्रायव्हरच येऊन शपथेवर सांगन. झालं! वकीलबाईनं बाहेर आम्हाले खरं सांगतलं, "आजी, ड्रायव्हर ठाम राह्यला तं मामला अवघड आहे. एक माणूस म्हणते होती, एक म्हणते नव्हती."

कुंदा त्या दिवशी बाकावर गप्प बसली होती. कुबड्या मांडीवर घेऊन. मले तिच्या गप्प बसण्याचीच भीती वाटे.

ड्रायव्हरचा पुकारा झाला. तो आला, मान खाली. पिंजऱ्यात चढला. अन् माह्या तोंडाशी आलं होतं, "अगा माय, हा तं डहाळीवाला!" पोचमच होता! मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. अख्ख्या आयुष्यात मी एवढी गप्प कधी राह्यली नसन.

त्यानं खाली पाहत पाहत सांगतलं, "गाडी अहेरीत होती. मी त्या रस्त्यानं गेलो नाई." कंपनीचा वकील खुशीनं बसला. वकीलबाई उठून राह्यली, तं मी तिचा कोट मागून ओढला अन् कानात सगळं सांगतलं.

"पक्कं?" तिनं विचारलं.

"माह्या हातचं पाणी पेला तो!"

वकीलबाई समोर गेली. कागद सगळे टेबलावरच ठेवले.

"पोचमभाऊ, सावलीच्या रस्त्यानं आता गाडी नेता का?"

"आता नेतो मॅडम."

"वळणावर मोहाखाली डहाळ्याईचा ढीग आहे. पाह्यला?"

त्यानं काई म्हणाच्या आधी त्याचे हात जुळले. आपोआप.

"पाह्यला."

"तुम्ही डहाळी ठेवता?"

"ठेवतो."

"सगळे खिडकीतून फेकतेत. तुम्ही चपला काढून खाली उतरता. काऊन?"

"नवस आहे मॅडम."

"काय नवस?"

त्यानं पह्यल्यांदा मान वर केली. बाकावर मी दिसली. माह्या बाजूले कुंदा दिसली. तिच्या मांडीवरच्या कुबड्या दिसल्या.

"ती बाई जगू दे, असा."

"अन् हा नवस कधी बोलले?"

कंपनीचा वकील ओरडत उठला, "सर, ह्या प्रश्नाचा काही संबंध..." पण पोचम त्याच्याकडं पाहतच नव्हता.

"त्याच दिवशी. आरशात पाह्यलं तवा."

कंपनीचा वकील हळूच खाली बसला.

जजसाहेबानं विचारलं, "मग आत्ता शपथेवर खोटं का सांगितलं?"

पोचम म्हणे, "गाडी मालकाची होती साहेब. नवस माहा आहे."

*

निकाल आमच्या बाजूनं लागला. मालकानं पोचमले कामावरून काढलं हे कळलं. त्याच्यावर पोलिसाची केस आहे ती आहेच. तो आता दुसऱ्याचा टेम्पो चालवते म्हणतेत.

कुंदाचा पाय नागपूरहून आला. पह्यल्यांदा बसवला तं ती पडली. दुसऱ्यांदा माह्या अंगावर पडली. मंग चालाले लागली. डॉक्टरनं सांगतलं, हा पाय चिखलात चालत नाई, रोवणी विसरा. कुंदा म्हणे, "चिखलात नाई तं कोरड्यात." वळणाजवळ रस्त्याले लागून आमचा एक तुकडा आहे. तिथी तिनं मुरमुऱ्याची भट्टी घातली. मोठी कढई, गरम रेती, वर टिनाचं छप्पर. आमच्याकडं धान आहे, बाजार आहे, मुरमुरे खाणारे तोंडं तं आहेतच!

भट्टी पेटवाच्या दिवशी सगळं गाव आलं. वकीलबाई वरोऱ्याहून आली. मी वास्त्याची भाजी केली. नामदेवनं भाषण सुरू केलं ते महादेवनं मधातच थांबवलं. अन् मंग लक्षात आलं का महादेवनं आणलेलं सरपण सगळं ओलं! धूर, धूर अन् धूर.

कुंदा उठली. नवा पाय टाकत, कुबड्या न घेता, रस्ता ओलांडून मोहाखाली गेली. ढिगातली एक वाळलेली डहाळी ओढली.

बुढे लोक ओरडले, "अवो कुंदे! त्याले हात लावत नाईत! त्या जागेची काडी कोणी घरी नेत नाई!"

कुंदा मागं वळली. "कोणाच्या नावानं टाकली होती हे?"

"तुह्याच."

"मंग?"

पह्यले ढोरं राखणारा बुढा गेला अन् त्यानं एक मोळी उचलली. मंग नामदेव. मंग पोट्टे, बायका, अख्खं गाव. संध्याकाळच्या आत मोहाखालची जागा साफ झाली, अन् भट्टी अशी पेटली का कढईतली रेती नाचाले लागली!

तेवढ्यात रस्त्यावर एक टेम्पो थांबला. पोचम उतरला. चपला काढल्या. पळसाची हिरवी डहाळी तोडली, मोहाखाली गेला, अन् तिथीच उभा राह्यला. खाली पाहे, इकडं पाहे, तिकडं पाहे. ढीगच नाई! हातात डहाळी तशीच.

महादेवनं माह्याकडं पाह्यलं. मी कुंदाकडं पाह्यलं.

कुंदानं कढईतला हात थांबवला नाई. तिथूनच आवाज दिला, "ओ भाऊ! तिथी काऊन उभे राह्यले? इकडं आणा ती. ओली आहे, बाजूले ठेवा. सुकली का लावतो."

पह्यला घाणा निघाला, तो पोचमच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यात गेला.